अध्यापक होण्याची किंमत कोणी मोजावयाची?

(परळ येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. महागाई आहे, गिरणी कामगारांच्या घरांचा प्रश्न आहे, कंत्राटी कामगारांचे हाल आहेत. हे सारे समोर असताना बी.एड. आणि एम.एड.चे प्रवेशअर्ज हा काय पक्षाच्या अभ्यासवर्गात चर्चा करण्याचा विषय आहे? माझे उत्तर असे, की समाजात अध्यापक कोण होतो आणि अध्यापकांना शिकविणारा कोण होतो, हे ज्या दारात ठरते ते दार म्हणजे हा प्रवेशअर्ज. शाळेत जाण्याच्या हक्कासाठी आपण पुष्कळ लढलो. शाळेत शिकविण्याच्या हक्काचा विचार मात्र आपण फारसा केलेला नाही.

हा विचार आपल्याकडे अगदीच नवा आहे असेही नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी जे निवेदन सादर केले, त्यात शाळा काढा एवढीच मागणी नव्हती. प्राथमिक शाळांचे शिक्षक प्रशिक्षित असावेत, त्यांना दरमहा किमान बारा रुपये पगार असावा, आणि होता होईल तो ते शेतकरी वर्गातून यावेत, म्हणजे लोकांत मिसळण्याचा त्यांना संकोच वाटणार नाही, असे जोतीरावांनी मांडले होते. प्रशिक्षण, वेतन आणि सामाजिक मूळ या तिन्ही गोष्टींचा त्यांनी एकत्र विचार केला. आज शासन प्रशिक्षणाची मुदत वाढवते, तेव्हा वेतनाचे विसरते. आणि वेतनाची चर्चा आपण करतो, तेव्हा प्रशिक्षणाच्या दारात कोण अडते हे आपण विसरतो.

मुंबई हे अध्यापक-शिक्षणाचे जुने केंद्र आहे. बाळशास्त्री जांभेकर आयुष्याच्या अखेरच्या काळात, १८४५ च्या सुमारास, येथील अध्यापकवर्गाचे काम पाहत होते. शासनाचे सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज १९०६ मध्ये निघाले. २०१९ पासून ते डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठाचे घटक आहे. चर्चगेटला सेंट झेवियर्सची शिक्षणशास्त्राची संस्था १९५३ पासून आहे, तेथेच एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाचे शिक्षणशास्त्राचे अध्यापन चालते. जे. पी. नाईक यांनी शिक्षणशास्त्रातील उच्च अध्ययन व संशोधनासाठी १९४८ मध्ये भारतीय शिक्षण संस्था काढली ती मुंबईतच. पुढे १९७६ साली ती पुण्यास गेली. टाटा समाजविज्ञान संस्थेचा जन्म १९३६ साली झाला तो नागपाड्यात. आज देवनारला तेथे शिक्षणशास्त्राचे पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतात. लालबागहून धोबी तलाव काय किंवा चर्चगेट काय, अंतर थोड्या वेळाच्या प्रवासाचे आहे. तरीही गिरणगावातील चाळीतून या संस्थांच्या पायऱ्यांपर्यंतची वाट फार लांबची राहिली. ती का, हे पाहावयाचे आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद होत गेल्या आणि बापाच्या जागी मुलाला चिकटवून घेण्याची वाट संपली. या घरांतील मुलींसमोर जे थोडे सन्मानाचे मार्ग उरले, त्यांत शिक्षिका होणे हा एक होता. त्याचे कारण केवळ शिक्षकी पेशाची प्रतिष्ठा हे नव्हे. १९७७ च्या कायद्याने खाजगी शाळांतील शिक्षकांना सेवेची शाश्वती दिली होती. अनुदानित शाळेतील पगार शासन देत होते. संस्थाचालकाच्या लहरीवर नोकरी जात नव्हती. शिक्षक संघटनांनी लढून मिळविलेली ही सुरक्षितता होती, आणि म्हणूनच कामगाराच्या मुलीने शिक्षणावर पैसा घालावा हे घराला पटत होते.

ही सुरक्षितता कशी विरत गेली ते आपण जाणता. २००० साली शिक्षणसेवक योजना आली. पहिली तीन वर्षे पूर्ण वेतनाऐवजी ठोक मानधन मिळू लागले. कित्येक वर्षे ते प्राथमिकला ६,०००, माध्यमिकला ८,००० आणि उच्च माध्यमिकला ९,००० रुपये होते. २०२३ मध्ये ते अनुक्रमे १६,०००, १८,००० आणि २०,००० झाले. मे २०१२ मध्ये शासनाने शिक्षकभरतीवर निर्बंध घातले. २०१३ पासून राज्यात शिक्षक पात्रता परीक्षा सुरू झाली. २०१७ मध्ये अभियोग्यता चाचणी आली. तिच्यामागून भरतीसाठी ‘पवित्र’ प्रणाली आली. अभियोग्यता चाचणी त्यानंतर झाली ती थेट २०२३ मध्ये. दरम्यान पात्रता परीक्षेतच गैरव्यवहार झाल्याचे २०२१ च्या अखेरीस उघडकीस आले आणि सात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई करावी लागली. ज्यांनी प्रामाणिकपणे अभ्यास केला, त्यांच्या वाट्याला केवळ वाट पाहणे आले.

नेमक्या याच काळात प्रशिक्षणाची मुदत वाढली. बी.एड. हा एक वर्षाचा अभ्यासक्रम होता. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनुसार तो २०१५ पासून दोन वर्षांचा झाला, एम.एड.ही दोन वर्षांचे झाले. या बदलामागील हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली जो आयोग नेमला, त्याला निमित्त आपल्या महाराष्ट्रातील २९१ अध्यापक विद्यालयांचे प्रकरण झाले होते. आयोगाने २०१२ मध्ये अहवाल दिला. देशातील सेवापूर्व प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांपैकी सुमारे ९० टक्के बिगरसरकारी आहेत, हे त्याने नोंदविले आणि प्रशिक्षणाचा दर्जा सुधारण्यासाठी मुदत वाढविण्याचा पुरस्कार केला. दर्जाचा आग्रह आपणही धरला पाहिजे. कामगारांच्या मुलांना कच्चा शिक्षक चालतो, असे समाजवादी माणूस म्हणू शकत नाही. प्रश्न एवढाच, की वाढलेल्या मुदतीचा खर्च कोणावर पडला?

येथे थोडा हिशेब मांडतो. अर्थशास्त्रात संधी-व्यय नावाची कल्पना आहे. एखादी गोष्ट करताना जी दुसरी गोष्ट सोडून द्यावी लागते, तिची किंमत म्हणजे संधी-व्यय. समजा, लालबागमधील एक पदवीधर मुलगी दुकानात किंवा कचेरीत महिना १५,००० रुपये मिळविते. बी.एड.साठी तिला नोकरी सोडावी लागेल, कारण नियमानुसार वर्गांना ८० टक्के आणि शाळेतील प्रत्यक्ष कामाला ९० टक्के उपस्थिती आवश्यक आहे. २४ महिन्यांचे तिचे ३,६०,००० रुपये गेले. विनाअनुदानित महाविद्यालयाचे शुल्क वर्षाला ४०,००० धरले, तर आणखी ८०,०००. एकूण झाले ४,४०,०००. आता असे धरू, की पदवी हाती पडताच दुसऱ्या दिवशी तिला माध्यमिक शाळेत शिक्षणसेवकाची जागा मिळाली. तीन वर्षांत तिला ६,४८,००० मिळतील. जुन्या नोकरीत, पगार मुळीच वाढला नाही असे धरले तरी, ५,४०,००० मिळाले असते. म्हणजे तीन वर्षांनंतर घातलेल्या रकमेपैकी जेमतेम चौथा हिस्सा भरून निघाला. आणि हे सारे नोकरी लगेच मिळाली तर! भरतीची वाट पाहण्यात जाणारे प्रत्येक वर्ष हा हिशेब अधिक तोट्याचा करते.

१९६० नंतर थिओडोर शुल्ट्झ यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांनी शिक्षण ही गुंतवणूक आहे असा सिद्धान्त मांडला. तो खोटा नाही. पण गुंतवणूक करण्यासाठी आधी शिल्लक लागते. ज्या घरात वडिलांचे निवृत्तिवेतन येते, स्वतःची जागा आहे, तेथे हे चार-साडेचार लाख शिलकीतून जातात. चाळीतील खोलीत, जेथे याच मुलीच्या पगारावर दुधाचे बिल आणि धाकट्या भावाची फी भागते, तेथे ते कर्जातून जातात किंवा जातच नाहीत. म्हणून प्रवेशपरीक्षा सर्वांना सारखी असली, तरी परीक्षेला बसण्याचे धाडस सर्वांना सारखे परवडत नाही. गुणवत्ता यादीत जे नाव दिसत नाही, ते नापासाचे आहे की अर्जच न केलेल्याचे, हे यादी सांगत नाही.

आता अर्जाचीच वाट पाहू. राज्याचा सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष बी.एड. आणि एम.एड.साठी परीक्षा घेतो. आधी परीक्षेसाठी नोंदणी, परीक्षा, निकालानंतर केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेसाठी पुन्हा वेगळी नोंदणी, कागदपत्रांची छाननी, गुणवत्ता यादी, महाविद्यालयांचे पसंतीक्रम, मग जागावाटपाच्या फेऱ्या. इंग्रजी माध्यमाच्या महाविद्यालयात जावयाचे असल्यास इंग्रजीची निराळी चाचणी द्यावी लागते. परीक्षा दिली म्हणजे अर्ज झाला, अशा समजुतीत दुसरी नोंदणी न करता राहून गेलेली मुले प्रत्येक वर्षी भेटतात. ज्या घरात आधी कोणी ही वाट चाललेले आहे, तेथे ही चूक होत नाही. माहिती हीसुद्धा एक संपत्ती आहे आणि तिचेही वाटप विषम आहे.

कागदपत्रांची कथा याहून बोधप्रद आहे. राखीव जागेसाठी जातीचा दाखला पुरत नाही. २००० च्या कायद्यानुसार जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी अनुसूचित जातीच्या उमेदवाराने १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त व भटक्या जमातींच्या उमेदवाराने २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, आणि इतर मागासवर्गीयाने १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा वास्तव्याचा व जातीचा पुरावा देणे अपेक्षित असते. सर्वांत ग्राह्य पुरावा कोणता? आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या रजिस्टरातील नोंद! ज्यांना शाळेच्या आत येऊ दिले नाही, त्यांच्या नातवंडांनी आजोबा शाळेत होते याचा दाखला आणावयाचा, हा आपल्या व्यवस्थेचा न्याय आहे. रत्नागिरी, सातारा, सांगलीकडून आजोबा गिरणीत आले. कागद गावी राहिले. ते शोधण्यासाठी रजा काढून गावी जावे लागते, तलाठ्याकडे आणि शाळेत खेपा घालाव्या लागतात. कधी पावतीवर तात्पुरता प्रवेश मिळतो, कधी मुदतवाढ मिळते. पण अखेरीस प्रमाणपत्र आले नाही, तर राखीव जागेवरील प्रवेश जातो.

शिष्यवृत्ती आहे, असे आपल्याला सांगितले जाते. आहे, हे खरे. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून आहे. २०२४ मध्ये राज्याने व्यावसायिक अभ्यासक्रमांतील मागास व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींसाठी, उत्पन्न आठ लाखांच्या आत असल्यास, शुल्कमाफी केली. ही स्वागतार्ह गोष्ट आहे आणि तिचा लाभ प्रत्येक पात्र मुलीला मिळवून देणे हे आपले काम आहे. परंतु मघाच्या हिशेबाकडे पुन्हा पाहा. ४,४०,००० पैकी शुल्क होते ८०,०००. शुल्क पूर्ण माफ झाले तरी बुडालेली मजुरी तशीच राहते. फीमाफीने दार उघडते. दारापर्यंत येण्याचे भाडे सुटत नाही.

पूर्वी कष्टकऱ्यांच्या मुलांनी या अडचणीवर एक तोड काढली होती. दिवसा काम, रात्री शाळा. परळमध्ये ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगने रात्रशाळा चालविल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी ठेवले. वेळापत्रक हे समतेचे साधन होऊ शकते, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. बाबासाहेब स्वतः १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात जाऊ शकले ते बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीमुळे. बुद्धिमत्ता त्यांच्याकडे होतीच, परंतु न्यू यॉर्कमधील महिन्याचा खर्च बुद्धिमत्तेने भागत नाही. आजच्या बी.एड.ला सकाळचा वा रात्रीचा वर्ग जवळजवळ नाहीच. दूरशिक्षणाने बी.एड. करता येते, पण ते आधीच प्रशिक्षित असलेल्या सेवेतील शिक्षकांना. नोकरी करून शिक्षक होण्याची वाट बंद झाली आहे.

आणि याच अभ्यासक्रमात किमान २० आठवडे विद्यार्थी-शिक्षकाने शाळेत प्रत्यक्ष काम करावयाचे असते. ते आवश्यकच आहे. शिकविणे शिकविल्यानेच येते. पण वैद्यकीय पदवीधर आंतरवासितेत असताना विद्यावेतन घेतो. कारखान्यातील शिकाऊ उमेदवारास १९६१ च्या कायद्याने विद्यावेतन मिळते. मग शाळेत तास घेणारी, वह्या तपासणारी, गैरहजर शिक्षकाचा वर्ग सांभाळणारी मुलगीच बिनपगारी का? बाईमाणसाने मुलांना शिकविणे हे सेवेचे काम, त्याचा मोबदला कसला, ही जुनी समजूत येथे नियमाच्या पोटात दडलेली आहे.

बी.एड.च्या पुढे एम.एड. आहे. अध्यापक महाविद्यालयात शिकवावयाचे तर विषयातील पदव्युत्तर पदवी आणि एम.एड. ही दोन्ही लागतात. शिवाय राष्ट्रीय पात्रता परीक्षा किंवा पीएच.डी. बारावीनंतर पदवीची तीन, बी.एड.ची दोन, एम.ए.ची दोन आणि एम.एड.ची दोन, अशी नऊ वर्षे झाली. नऊ वर्षे थांबण्याची ऐपत ज्यांची असते, तेच उद्याच्या शिक्षकांना घडवितात. मग शाळेत उशिरा येणारा मुलगा आळशी आहे की पहाटे वर्तमानपत्रे टाकून आला आहे, हा भेद करण्यास विद्यार्थी-शिक्षकाला कोण शिकविणार? टाटा समाजविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी २०२३ पासून पदव्युत्तर प्रवेशासाठी केंद्रीय सामाईक परीक्षेचे गुण लागू लागले. ती परीक्षा इंग्रजी व हिंदीत होते. मराठीत शिकलेल्या मुलीची तेथे पुन्हा एकदा अडचण होते. त्याच संस्थेत मागासवर्गीय विद्यार्थ्यांची शुल्कसवलत काढून घेतल्याबद्दल २०१८ च्या फेब्रुवारीत विद्यार्थ्यांनी संप केला होता, हेही आपण विसरू नये.

आता पुन्हा वारे बदलत आहेत. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी ही शिक्षकाची किमान पात्रता ठरविली आहे. एक वर्ष वाचेल, हा त्यातील लाभ. पण शिक्षक व्हावयाचे हे बारावीतच ठरवावे लागेल आणि त्या वयात ही माहिती महापालिकेच्या शाळेतून आलेल्या मुलापर्यंत पोहोचविणारा कोणी लागेल. २०२५ मध्ये परिषदेने नव्या नियमांचा मसुदा काढला, त्यात एक वर्षाचे बी.एड. काही अटींवर परत आणण्याचा विचार आहे. मधल्या दहा वर्षांत ज्यांनी दुसरे वर्ष कर्ज काढून पुरे केले, त्यांचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

येथे एक आक्षेप येईल आणि तो कार्यकर्त्यांकडूनच येईल. गिरगाव, दादर, परळमधील मराठी शाळांची पटसंख्या घटली. वस्ती डोंबिवली-विरारकडे गेली. संचमान्यतेत शिक्षक अतिरिक्त ठरतात. इंग्रजी माध्यमाच्या विनाअनुदानित शाळा तुटपुंज्या पगारावर राबवितात. अशा स्थितीत आपण आपल्या मुलींना या रांगेत उभे करावयाचे कशासाठी? आक्षेप खरा आहे, म्हणूनच माझे म्हणणे असे, की कार्यकर्त्याने कोणालाही स्वप्न विकू नये. घरी जाऊन हिशेब मांडावा. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात बी.एड.धारक पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदास पात्र नाहीत असे ठरविले आहे, हे सांगावे. पहिली ते आठवीस शिकविण्यासाठी पात्रता परीक्षा अटळ आहे, आणि १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानंतर ती सेवेतील शिक्षकांनाही लागू झाली आहे, हेही सांगावे. हे ऐकून एखादी मुलगी अर्ज न करण्याचे ठरवील, तर तो तिचा शहाणा निर्णय असेल. पण माहिती नव्हती म्हणून, कागद मिळाला नाही म्हणून किंवा महिन्याचा पगार सोडवत नाही म्हणून जी मागे राहते, तिचा निर्णय तिने घेतलेला नसतो; तो तिच्यावर लादला जातो. आपला लढा या दुसऱ्या प्रकाराविरुद्ध आहे.

तेव्हा करावयाचे काय? पहिले काम आपल्या हातातले आहे. प्रत्येक विभागातील शाखेने प्रवेशपरीक्षेच्या जाहिरातीपासून शेवटच्या फेरीपर्यंत साहाय्य केंद्र चालवावे. वैधता प्रमाणपत्राची तयारी पदवीच्या दुसऱ्या वर्षातच सुरू करून द्यावी. गावाकडील साथींनी शाळेच्या नोंदी काढून देण्याचे काम अंगावर घ्यावे. मुंबई आणि गाव यांना जोडणारी संघटना असल्याचा आपला दावा आहे, तो येथे खरा करून दाखवावा. दुसरे काम मागणीचे आहे. शाळेतील २० आठवड्यांच्या कामाला विद्यावेतन. शासकीय व अनुदानित महाविद्यालयांत जागांची वाढ. त्यांत नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळ-सायंकाळचे वर्ग. केंद्रीय परीक्षेत मराठीचा पर्याय. आणि भरतीचे दरवर्षीचे ठरलेले वेळापत्रक. किती शिक्षक लागणार हे न सांगता प्रशिक्षणाच्या जागांना मान्यता देणे म्हणजे गरिबांच्या आशेवर संस्थाचालकांचा उदरनिर्वाह चालविणे होय. शिक्षक संघटना आणि आपण एकत्र आलो, तर या मागण्या अशक्य कोटीतल्या नाहीत.

जे. पी. नाईक यांनी समता, गुणवत्ता आणि संख्या हा भारतीय शिक्षणाचा न साधणारा त्रिकोण आहे असे १९७५ च्या आपल्या ग्रंथात मांडले. अध्यापक-शिक्षणात आपण खाजगी संस्थांकरवी संख्या वाढविली. मग गुणवत्तेच्या नावाने मुदत वाढविली. समतेची बाजू मात्र उमेदवाराच्या घरावर सोपविली. ती बाजू समाजाने उचलावी, एवढेच आपले म्हणणे आहे. येत्या प्रवेशाच्या हंगामात आपल्या शाखेच्या कचेरीत एक टेबल, एक संगणक आणि ही प्रक्रिया समजून घेतलेले दोन कार्यकर्ते बसलेले असतील, असा निश्चय करून आपण येथून उठू या.